लिंबूटिंबूंसकट मुंबई आणि अलिबाग

(रौप्यमहोत्सवी वर्षात मार्च महिन्यातल्या एका रविवारी सोसायटीच्या सभागृहात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून लिहिलं आहे.)



सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा मला वाटलं, मेंटेनन्सचं काहीतरी असेल. ते म्हणाले, "काका, रविवारी तुम्ही बोलायचं." मी विचारलं, "मुदत ठेवींवर बोलू की मृत्युपत्रावर?" तर म्हणाले, "ते दोन्ही विषय झालेत, आणि मृत्युपत्राच्या वेळी निम्मे लोक चहाआधीच उठले होते. तुम्ही गेल्या मे महिन्यात सगळी नातवंडं घेऊन मुंबई आणि अलिबाग केलंत ना, त्यावर बोला. सुट्टी तोंडावर आली आहे."

मी काही प्रवासतज्ज्ञ नाही. बॅंकेत छत्तीस वर्षं काढली, त्यात बदल्यांचा प्रवास तेवढा भरपूर झाला. पण प्रश्न खरोखर घराघरातला आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आपली मुलं साधारण एका वयाची होती. एक फुटबॉल टाकला की वीस जण खाली. आता ती मुलं बंगळूरला, हैदराबादला, काही साता समुद्रापार. मे महिन्यात येतात ती आपापली पोरं घेऊन. मग एकाच घरात चार वर्षांचं, नऊ वर्षांचं आणि पंधरा वर्षांचं अशी वयं गोळा होतात. एकाला दुपारी झोपच लागते, एकाला क्षणभर स्वस्थ बसवत नाही आणि एकाला सकाळी अकराशिवाय जागच येत नाही. या तिघांना घेऊन जायचं कुठे आणि करायचं काय?

आमच्याकडे मुलाची मोठी मुलगी पंधराची, धाकटा मुलगा नऊचा आणि बंगळूरच्या लेकीची मुलगी साडेचार वर्षांची. मोठे आम्ही पाच: मी, आमच्या सौ., मुलगा, सूनबाई आणि लेक. जावयांना रजा मिळाली नाही. मोठी नात नववी संपवून दहावीत जाणार होती. म्हणजे पुढचं वर्ष अभ्यासाचं, त्यानंतर अकरावी-बारावी, मग कोण कुठे जाईल सांगता येत नाही. तिघं एकत्र असण्याचे असे मे महिने आता किती उरलेत, याचा हिशेब मी मनाशी केला होता. आकडा फार मोठा नव्हता. म्हणून ही सहल नीट व्हावी असं मला वाटत होतं.

आणि मोठीनं सुरुवातीलाच सांगून टाकलं, "आबा, तुम्ही सगळे जा. मी नाही येत."

आपण साधारण काय करतो? नकाशा समोर घेतो, बघण्यासारख्या ठिकाणांची यादी करतो आणि दिवसांत भागतो. मी यादी वयांची केली. कागदावर तीन रकाने आखले. प्रत्येक मुलाला एक हक्काची गोष्ट मागायची मुभा, ती कितीही किरकोळ असली तरी होणार. आणि प्रत्येकाला एक नकार, त्यावर चर्चा नाही. मधल्यानं पेंग्विन मागितले. धाकटीनं दुमजली बस मागितली, वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट. मोठीनं दोन दिवस काही मागितलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला आत्याबरोबर कुलाबा कॉजवेला जायचंय. ही दोघं नकोत." मी लिहून घेतलं. नकार म्हणून मधल्यानं "देवळाची रांग नको" म्हटलं. ते आमच्या सौ.ना फारसं रुचलं नाही, पण नियम म्हणजे नियम. धाकटीला नकार कळण्याचं वय नाही. तिचा नकार म्हणजे झोप. दुपारी दीड ते साडेतीन हा तिचा नकार सगळ्यांवर बंधनकारक.

आपल्याकडे वेगवेगळ्या वयांची मुलं एकत्र खेळवायची एक जुनी सोय आहे, लिंबूटिंबू. लहानग्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. त्याला वाटतं आपण खेळतोय, आणि मोठ्यांचा खेळही मोडत नाही. सहलीलाही मी तोच नियम लावला. फक्त एवढंच लक्षात ठेवलं की सहलीत लिंबूटिंबू बदलत राहतं. संग्रहालयात धाकटी लिंबूटिंबू, वाळूत मोठी, आणि भर उन्हात चालायची वेळ आली की मी.

आता तयारी. पैशाचं आधी सांगतो, सवय जात नाही. आदल्या जूनमध्येच दरमहा दोन हजारांचं आवर्ती खातं उघडलं होतं. मे महिन्यापर्यंत अकरा हप्ते झाले, म्हणजे बावीस हजार आणि वर थोडं व्याज. बाकीचे मुलानं घातले. एकूण रकमेतला दहावा हिस्सा राखीव ठेवला, त्याला हात लावायचा नाही असं ठरवून. मुलांना प्रत्येकी एक पाकीट दिलं, वयाप्रमाणे रक्कम, आणि अट एकच: हिशेब लिहायचा. मधल्यानं "चणे १० रु., दादांना उसने २० रु." असा रोज हिशेब लिहिला. ते वीस रुपये त्यानं बापाकडून वसूलही केले.

तिकिटांचं. रेल्वेत बहुतेक गाड्यांचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं आहे. आमचं निघणं १३ मेचं, म्हणजे आरक्षणाचा दिवस १४ मार्च, नेमकी धुळवड. सकाळी आठला खाली रंग सुरू होते आणि वर मी आणि मोठी संगणकासमोर. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा घेतली नाही तर रेल्वेत तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र जागा हवी तर पूर्ण भाडं पडतं. परतीला एसटी ठेवली. एसटीत महिलांना निम्मं तिकीट, पासष्ट ते पंचाहत्तरच्या ज्येष्ठांना निम्मं, आणि पंचाहत्तरी ओलांडली की मोफत. मी तेव्हा चौऱ्याहत्तरचा, म्हणजे अर्धा. ओळखपत्र मात्र मूळ जवळ ठेवा.

तारीख मेच्या मध्याची का? मेच्या अखेरीस पावसाचा भरवसा नसतो. गेल्या वर्षी तर २६ मेलाच मान्सून मुंबईत दाखल झाला. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीही बंद असतात. तेव्हा समुद्राकडे जायचं तर मेचा पूर्वार्ध, फार तर मध्य. त्यापुढे ढकलू नये.

मुंबईत दोन दिवस. सकाळच्या डेक्कन क्वीननं साडेदहाच्या सुमारास सीएसएमटी. लोक गाडीतून उतरतात आणि टॅक्सीच्या रांगेत धावतात. आम्ही सामान एका बाजूला ठेवलं आणि रस्त्यापलीकडे जाऊन इमारतीकडे बघत उभे राहिलो. १८८८ साली पूर्ण झालेली ही इमारत २००४ पासून जागतिक वारशात आहे, हे मोठीला. भिंतींवर दगडात कोरलेले प्राणी-पक्षी शोधून मोजायचे, हे मधल्याला. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलाय, तो वाघ ओळखायचा, हे धाकटीला. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं, आणि तिघांना तीन कामं. एकाच जागेत तीन वयांना तीन गोष्टी देता आल्या तर ती जागा निवडावी. देता येत नसतील तर ती कितीही प्रसिद्ध असो, सोडून द्यावी.

दुपारी खोलीवर विश्रांती. मे महिन्यातली मुंबई अकरा ते चार बाहेर फिरण्यासारखी नसते. पुण्याच्या माणसाला तिथला घाम सोसत नाही, आणि मुलं तहान लागली हे सांगत नाहीत, चिडचिड करतात. मूल विनाकारण भांडायला लागलं तर आधी पाणी द्यावं, मग न्यायनिवाडा करावा. लिंबू-सरबताची बाटली, ओआरएसची पाकिटं, प्रत्येकाला टोपी.

मंगळवारी साडेतीनला उठून लोकलनं भायखळा, सीएसएमटीहून तिसरं स्टेशन. राणीच्या बागेत पेंग्विन. हे मंगळवारीच उरकलं, कारण राणीची बाग बुधवारी बंद असते. तसं घारापुरी सोमवारी बंद. ठिकाणाचा बंद वार आधी बघून ठेवा, नाहीतर बंद फाटकासमोर नऊ वर्षांच्या मुलाची समजूत कोणत्याही अधिकाऱ्याला काढता येत नाही.

बुधवारी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. संग्रहालयात मुलांना फिरवायचं तर सगळं दाखवायचा मोह टाळावा. आम्ही प्रत्येकाला सांगितलं, एकच वस्तू निवडायची आणि बाकीच्यांना तिथे नेऊन दाखवायची. सव्वा तासात बाहेर. ही इमारत आणि गेटवे ऑफ इंडिया या दोन्हींचा आराखडा जॉर्ज विटेट या एकाच वास्तुविशारदाचा. मोठीला हे सांगितल्यावर ती गेटवेच्या कमानी आणि इथला घुमट यांत सारखेपणा शोधत बसली. दुपारनंतर ती आणि तिची आत्या कॉजवेला. काय घेतलं ते मी विचारलं नाही, पण दोघी हसत परत आल्या. त्याच वेळात धाकटी दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर बसून दक्षिण मुंबईवर राज्य करत होती. शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि त्याच बसनं परत आलो. कुठे गेलो होतो हे तिला आजही सांगता येणार नाही. "मी बस चालवली" एवढंच ती सगळ्यांना सांगते.

गुरुवारी समुद्र ओलांडायचा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, २०२० साली सुरू झाली. साधारण तासाभरात पलीकडे. पेण-वडखळची रांग वाचते, आणि मुलांच्या दृष्टीनं तर बोट हीच सहल. लहान मुलं बरोबर असतील तर पोटात हलका नाश्ता असावा, रिकामं पोट आणि भरलेलं पोट दोन्ही बोटीत त्रास देतात. मांडव्याहून अलिबाग वीसेक किलोमीटर. आम्ही नागावला एका वाडीत घरगुती राहण्याची सोय केली होती. वाडीत सुपारी, नारळ, एक विहीर, आणि तिच्यावर मधल्याला कायमची मनाई.

आता मुख्य विषयाकडे येतो. आतापर्यंत सांगितलं त्यात चूक झाली तर फार तर मूल रडेल किंवा पैसे जातील. समुद्राचं तसं नाही. २०१६ साली मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली चौदा मुलं बुडाली. कॉलेजची मुलं होती. ती बातमी वाचली त्या दिवशी आपल्या आवारात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल.

शहरात आपण घड्याळ बघून फिरतो. समुद्रावर आपलं घड्याळ चालत नाही, भरती-ओहोटीचं चालतं. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याआधी साधारण सहा तास, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी भर दुपारी बाराला. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास, आणि ती उधाणाची, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी त्या मानानं शांत. यंदा मेच्या मध्यापासून अधिक ज्येष्ठ आहे, पण त्यानं काही बिघडत नाही. महिना अधिक असला तरी चंद्र तोच.

हे काम मी मोठीकडे दिलं. "मी नाही येत" म्हणणाऱ्या मुलीला नुसतं "चल ना" म्हणून उपयोग नसतो, खरं काम द्यावं लागतं. तिनं माझा तिथीचा हिशेब भरतीच्या छापील वेळांशी ताडून पाहिला. फरक निघाला, तासाच्या आतला. ती म्हणाली, "आबा, तुमचं सूत्र ॲप्रॉक्सिमेट आहे." मी म्हटलं, "बरोबर. वेळापत्रक म्हणजे खातं, तिथी म्हणजे ताळा. दोन्ही जुळले की सही करायची." त्या दिवसापासून सहलीचं वेळापत्रक तिच्या हातात गेलं, आणि न येण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आम्ही गुरुवारी दुपारी नागावला पोचलो. तृतीया होती. भरती सव्वादोनच्या सुमारास होऊन गेलेली. पाच वाजता किनाऱ्यावर गेलो तेव्हा पाणी उतरत होतं. उतरतं पाणी माणसाला आत ओढतं. मी सांगितलं, आज पाण्यात कोणी जायचं नाही, वाळूत खेळायचं. समोर अख्खा किनारा पाण्यात. मधला रडायच्या बेतात. मुलगा म्हणाला, "बाबा, गुडघाभर तर पाणी आहे." मोठी काही बोलली नाही, पण तोंड फुगवून लांब जाऊन बसली. मी म्हटलं, "वेळापत्रक तूच केलंयस. वाच." तिनं कागद काढला, वाचला आणि भावाला म्हणाली, "उद्या साडेनऊनंतर." मग तिघं वाळूतल्या बारीक खेकड्यांनी केलेल्या गोळ्यांची नक्षी बघत बसली. ओहोटीच्या ओल्या वाळूवर ते छोटे खेकडे वाळूच्या गोळ्या करून रांगोळीसारख्या मांडतात. धाकटीला ते समुद्रापेक्षा जास्त आवडलं.

त्या संध्याकाळी कोणाला काही झालं नाही. पाण्यात गेलेले सगळे लोक सुखरूप घरी गेले. म्हणून माझा नकार फुकट गेला असं मी मानत नाही. बॅंकेत विनातारण दिलेलं कर्जही कधी कधी वेळेवर फिटतं. म्हणून ते मंजूर करायचं नसतं.

शुक्रवारी संकष्टी होती. ओहोटी नऊच्या सुमारास. पावणेआठला अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे निघालो. ओहोटीला हा किल्ला पायी गाठता येतो, घोडागाडीही मिळते. भरतीत मधे समुद्र. आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून चालत गेलो. धाकटी झोपलेली, म्हणून ती आणि तिची आई वाडीवरच. आत आंग्र्यांच्या काळातलं गणपतीचं देऊळ आहे. सौ.चा उपास होता, दर्शनाला रांग नव्हती, त्यामुळे मधल्याचा नकारही शाबूत राहिला. पण त्याला खरं नवल वाटलं ते गोड्या पाण्याचं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे पिण्याजोगं गोडं पाणी. घरी येईपर्यंत तो त्याचं कारण विचारत होता. मोठीनं सव्वानऊला हाक दिली, "चला, निघायचं." साडेनऊच्या आधी पाय पुन्हा किनाऱ्याला लागले. अजून अर्धा तास मिळाला असता, पण आठ जणांच्या कुटुंबात कोणाची तरी चप्पल नेहमी तुटते, त्यासाठी वेळ राखीव हवा.

त्यानंतर नागावला परत येऊन पाण्यात. पाणी आता चढत होतं. त्याचे आमचे नियम सांगतो, लिहून घ्या.

धाकटीला घोट्यापर्यंत, मधल्याला गुडघ्यापर्यंत, मोठीला कमरेपर्यंत. मोजमाप लाट आल्यावरचं, लाट गेल्यावरचं नाही. मोठीला पोहता येतं, पण तलावातलं पोहणं वेगळं, तिथे पाणी जागच्या जागी असतं. समुद्रात ओढ लागली तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजायचं नाही, दम जातो. तरंगत राहायचं, हात वर करायचा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं. हे तिला कोरड्या जमिनीवर, आदल्या रात्री समजावलं. खाडीच्या मुखाशी आणि खडकांपाशी पाण्यात उतरायचं नाही. हरिहरेश्वरला देवळामागची समुद्राकाठची प्रदक्षिणा भरतीत करायची नाही. अंधारात पाण्यात नाही. आणि जीवरक्षक किंवा गावातला कोळी दादा "नको" म्हणाला तर "का?" विचारायचं नाही, बाहेर यायचं.

शेवटचा नियम आमच्या बॅंकेतला. तिजोरीच्या खोलीच्या किल्ल्या दोघांकडे असतात, त्याला जॉइंट कस्टडी म्हणतात. आणि किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा रजिस्टरमध्ये सही होते. कोणी म्हणू शकत नाही की मला वाटलं त्यांच्याकडे आहे. किनाऱ्यावर घात होतो तो नेमका या "मला वाटलं"नं. आई असते, बाप असतो, काका-मामा सगळे असतात, आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून आम्ही प्रत्येक मुलाला एक मोठा माणूस नावानिशी नेमला. त्यानं फोन बघायचा नाही, फोटो काढायचे नाहीत. उठायचं झालं तर मोठ्यानं म्हणायचं, "चार्ज घे." दुसऱ्यानं "घेतला" म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. लेकीला फोन आला तेव्हा ती भावाकडे बघून ओरडली, "दादा, चार्ज घे!" आजूबाजूचे हसले. हसू द्या. दुसऱ्या दिवसापर्यंत मधलाच पाण्यातून ओरडून विचारायला लागला, "माझा चार्ज कोणाकडे आहे?"

शनिवारी कागदावर मी काहीच लिहिलं नव्हतं. मुलगा म्हणाला, "बाबा, एक दिवस वाया." मी म्हटलं, राहू दे. सकाळी दहानंतर तासभर पाण्यात. दुपारी ताडगोळे, कोकम सरबत, वाडीच्या पडवीत पत्ते. झब्बूत धाकटी लिंबूटिंबू, पानं मोठीच्या मांडीत बसून टाकायची आणि जिंकली की टाळ्या स्वतःच वाजवायच्या. संध्याकाळी तिघं ओट्यावर बसून काहीतरी बोलत होती, आम्हाला बोलावलं नाही. इतक्या वर्षांत तिघांना एकमेकांशी बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. एरवी ती एका खोलीत असतात, पण बोलतात आपापल्या आईबापांशी.

ज्यांच्याकडे आणखी एक दिवस असेल त्यांच्यासाठी सांगतो, पुढे चौल-रेवदंडा आहे. अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात चौलला उतरला होता, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. खाडीपलीकडे कोर्लई, तिथल्या गावात आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. आणि अलिबागमध्येच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं चुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ साली हे काम मुंबईच्या कुलाब्याहून अलिबागला हलवलं. वयात आलेल्या मुलांना समुद्रकिनाऱ्यापेक्षा अशा गोष्टी जास्त आवडतात, फक्त "बघा किती ऐतिहासिक आहे" असं म्हणू नका. येताना पांढऱ्या कांद्याच्या माळा आणा. माशांचं म्हणाल तर १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, खाणाऱ्यांनी मेमध्येच खाऊन घ्यावं.

रविवारी एसटीनं पेण, खोपोली करत पुणे. धाकटी माझ्या मांडीवर झोपलेली, मधला हिशेब लिहीत होता, मोठी खिडकीत.

आता मी काय सुचवतो ते सांगून थांबतो. आपल्या तिन्ही विंगमध्ये मिळून नातवंडं काही कमी नाहीत. सोसायटीच्या ऑफिसात एक साधी वही ठेवू या. जो समुद्रावर जाऊन येईल त्यानं तिथी, भरतीची वेळ, कुठे पाणी खोल निघालं, कुठे जीवरक्षक होता, हे दोन ओळींत लिहावं. पुढच्या माणसाला उपयोग होईल. पहिलं पान मी लिहून देतो.

आणि ज्यांच्या घरी मोठं नातवंड "मी येत नाही" म्हणतंय, त्यांनी त्याला वेळापत्रक करायला द्यावं. आमची मोठी आज इथे नाही, कारण तिची दहावीची परीक्षा चालू आहे आणि ती वर अभ्यास करत बसली आहे. पण परवा तिच्या भूगोलाच्या पुस्तकात एक कागद सापडला. यंदाच्या मे महिन्यातल्या तिथी, त्यापुढे पाऊणपट, आणि खाली तीन रकाने. धाकटीच्या रकान्यात तिनं आधीच लिहून ठेवलंय, "बोट. पुढची सीट."

चहा तयार आहे असं सेक्रेटरी खुणावतायत.  सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.